दिवसभर उभीच तर असते!

"ताई, रोज थोडं चालत जा," डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. पहाटे पाचला उठते. डबे, धुणं-भांडी, सासूबाईंची औषधं, दुपारी बचत गटाची कामं. दिवसभर पायांवरच तर असते, आणखी काय चालायचं?

पण रिपोर्ट हातात होता. उपाशीपोटी साखर ११८. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. माझ्या आईच्या पायाचा अंगठा या साखरेपायीच काढावा लागला होता. हसू तिथेच थांबलं.

डॉक्टरांनी समजावलं, ओट्यापाशी उभं राहणं वेगळं आणि भरभर चालणं वेगळं. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरतात. नुसतं उभं राहिलं की पाय तेवढे दुखतात!

आता कळंबोलीत चालायचं कुठे? एकीकडे लोखंड बाजाराचे ट्रेलर, दुसरीकडे सायन-पनवेल महामार्ग. पुण्याचा द्रुतगती मार्गही आमच्याच इथून सुरू होतो. गाड्यांची सोय झाली, बायकांनी मात्र जीव मुठीत धरून चालायचं. त्यात गळ्यातल्या मंगळसूत्राची काळजी.

बचत गटात विषय काढला, तर पाच जणी तयार झाल्या. सेक्टरच्या आतले रस्ते ठरवले. सोनं घरी ठेवायचं, पायात चपलेऐवजी बूट घालायचे. साडीवर बूट बघून पोरं हसली, हसू देत! पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या. "माझा चहा?" असं ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. म्हटलं, "अहो, साखर-चहापत्ती ओट्यावरच आहे." आता ते छान चहा करतात.

लेकीने मोबाइलवर पावलं मोजायला शिकवलं. दहा हजारांचा आकडा ऐकून शेजारच्या काकू घाबरल्याच. पण हा आकडा काही वैद्यकशास्त्राने घातलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं' असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फायदा फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही दहा-दहा मिनिटांत वाटून घेतला तरी चालतो. हे कळलं आणि काकूही यायला लागल्या.

तीन महिन्यांनी माझी साखर १०४ वर आली. खाण्यातही थोडा बदल केला होता. तरी खरं सांगू? तो अर्धा तास कुणाची सून, कुणाची आई नसते मी.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की भांडी दहा मिनिटं तशीच राहू द्या. शेजारणीला हाक मारा आणि एक फेरी मारून या. भांडी कुठे जात नाहीत!