दातांच्या नांग्या भरताना

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाच्या माणसाने लागण, खोडवा, खत आणि पाणी यांवर लिहावे, दातांवर नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. परंतु गट कार्यालयात उसाची नोंद द्यायला येणारे वडीलधारे सभासद अलीकडे नोंद झाली की हळूच दुसरा विषय काढतात. "साहेब, खालचे दात सारे गेले. कवळी केली, तं ते डबीतच राहते. पोरगा म्हणते, नागपूरले धरमपेठेत पक्के दात बसवून देतात. पण आकडा ऐकला अन् परत आलो. काय करावं?" हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाही, म्हणून दंतवैद्यांकडून समजून घेतलेली व छापील शास्त्रीय माहितीवरून पडताळलेली हकिकत येथे देत आहे.

प्रश्न दिसण्याचा नाही, घासाचा आहे. ज्याने उभी हयात ऊस पिकवला त्याला उसाचे एक कांडे सोलता येऊ नये, घरात हुरडा भाजला तर त्याने नुसता वास घ्यावा, भाकर रोज दुधात कुस्करून गिळावी, हे बरे नव्हे. चावता आले नाही की माणूस भाजी, शेंगदाणे, कडधान्य, कोशिंबीर एकेक करून सोडतो. राहतो तो मऊ भात आणि चहा-बिस्किट. अंगातले बळ तिथून उतरायला लागते. लग्नाच्या पंगतीत बसायचेही काही जण टाळतात.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर घाईने लाखाचा खर्च अंगावर घेऊन सावकाराच्या दारी जाणे हेही शहाणपणाचे नाही. मधला रस्ता आहे. तो आपल्या शेतातल्या भाषेत सांगायचा, तर नांग्या भरण्याचा आहे. उसात नांगी पडली तर आपण ती वेळेवर भरतो, निरोगी रोपाने भरतो, आणि जेथे शेजारचे फुटवे जागा भरून काढणार आहेत तेथे उगाच रोप वाया घालवत नाही. दातांचेही तसेच आहे.

इम्प्लांट म्हणजे काय?

ज्याला आपण 'पक्का दात' म्हणतो त्याला दवाखान्यात इम्प्लांट म्हणतात. टायटॅनियम धातूचा एक लहान स्क्रू असतो. जाडी साधारण चार मिलिमीटर, लांबी दहा मिलिमीटरच्या आसपास. हिरडी बधिर करून तो जबड्याच्या हाडात बसवतात. हाड त्याला धरले की वर जोड लावतात आणि जोडावर दाताच्या आकाराची कॅप बसवतात. असे तीन भाग.

हा शोध अपघाताने लागला. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५२ साली सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी घालून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. तेरा वर्षांनी, १९६५ साली, गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी अशा स्क्रूंच्या आधाराने दात बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते दात त्यांच्या कामी आले. आज नीट बसवलेल्या आणि नीट राखलेल्या इम्प्लांटपैकी दहा वर्षांनंतर शंभरात नव्वदांहून अधिक टिकतात.

मात्र बेणे लावले म्हणून लगेच ऊस मोळीला येत नाही. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने आणि वरच्यात चार ते सहा महिने जातात. हाड उत्तम असेल तर काही वेळा लवकरही दात देता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा. "दोन दिवसांत सगळे दात" अशी पाटी पाहून धावू नये. आपल्या हाडाला ते चालेल का, हे आधी विचारावे.

वेळ का महत्त्वाची?

दात काढल्यावर त्या जागेचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबतो. पाच-सात वर्षे जागा तशीच ठेवली, तर इम्प्लांट बसवण्याआधी हाड भरावे लागते आणि तो खर्च वेगळा. म्हणून दात काढायला बसाल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "या जागी पुढे काय करता येईल, आणि केव्हा?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

वय मात्र आड येत नाही. सत्तरीतल्या माणसालाही इम्प्लांट बसतो. पाहायचे असते ते हाड, हिरडी आणि प्रकृती.

किती बसवायचे?

खर्चाची खरी किल्ली येथे आहे. माणसाला अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात असतात. पण चांगले खाता यायला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लागतातच असे नाही. जपानमध्ये १९८९ पासून 'ऐंशी-वीस' नावाची मोहीम चालू आहे. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शाबूत असावेत, एवढेच तिचे ध्येय. २०१६ च्या तेथील पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठलेले आढळले. तात्पर्य, अगदी मागची एखादी दाढ गेली आणि बाकीच्यांनी नीट चावता येत असेल, तर ती नांगी न भरली तरी बहुधा चालते.

ज्यांचे खालचे सर्वच दात गेले आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, म्हणून ती बऱ्याच जणांना मानवते. खालच्या कवळीला टाळू नाही, जागा अरुंद, आणि जीभ तिला सारखी हलवते. म्हणून ती डबीत जाते. यावर २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असा निर्वाळा दिला की, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणे हा पहिला पर्याय समजावा. सर्व दात स्क्रूवर पक्के करायचे तर चार ते सहा इम्प्लांट लागतात. दोनांवरची कवळी रात्री काढून धुता येते आणि जेवताना हलत नाही.

हिशोब करून पाहू. उदाहरणापुरते धरा की एका इम्प्लांटचे ३५,५०० रुपये सांगितले. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे एक इम्प्लांट दहा टन उसाचा, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. सहा बसवले तर साठ टन. एकरी पस्तीस टन धरले तर पावणेदोन एकरांचा ऊस एका जबड्यात गेला! दोन बसवले तर वीस टन, आणि वर कवळीचा खर्च. दोन्हींत भाकर चावता येते. फरक कोठे आहे आणि आपल्याला कशाची गरज आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

एखादाच दात गेला असेल तर ब्रिज हाही मार्ग आहे. शेजारचे दोन दात घासून त्यांवर तीन दातांचा पूल बसवतात. खर्च बहुधा कमी, वेळही कमी. पण शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. ते आधीच किडलेले किंवा कॅप लावण्याजोगे असतील, तर ब्रिज सोयीचा. आणि साधी कवळी नीट मापाची झाली तर तीही पुष्कळांचे काम भागवते. सैल झाली म्हणून टाकून न देता आतून नवा थर भरून घ्यावी.

धरमपेठ आणि मेडिकल

धरमपेठ, रामदासपेठ या भागात दातांचे खाजगी दवाखाने पुष्कळ. तेथे वेळ ठरवून जाता येते, फेऱ्या कमी होतात, एकच डॉक्टर शेवटपर्यंत पाहतो. त्याचे मोल द्यावे लागते, यात गैर काही नाही. पण तेथे होकार देण्यापूर्वी दुसरे मत घ्यायला नागपुरातच जागा आहेत.

पहिली म्हणजे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. ते १९६८ साली सुरू झाले. मेडिकलच्या परिसरात आहे. गणेशपेठच्या एस.टी. स्थानकावर उतरणाऱ्याला धरमपेठेपेक्षा हेच जवळ. दुसरी जागा हिंगण्याच्या वाटेवर, डिगडोहच्या टेकडीवरील विद्या शिक्षण प्रसारक मंडळाचे दंत महाविद्यालय. धरमपेठेतून निघालात तर शंकरनगर चौकात मेट्रो मिळते, ती लोकमान्य नगरपर्यंत त्याच दिशेने जाते. वर्ध्याच्या बाजूच्या सभासदांना सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय सोयीचे पडेल.

महाविद्यालयात पदवीनंतरचे शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगीच्या मानाने खर्च कमी पडतो, परंतु फेऱ्या जास्त होतात आणि रांगेत बसावे लागते. कृत्रिम दंत विभागात जाऊन तपासणी, इम्प्लांटचे साहित्य आणि कॅप यांचे दर वेगवेगळे विचारावेत. तपासणीचा कागद आणि एक्स-रे जपून ठेवावा. तोच कागद धरमपेठेत दाखवून बोलणी करता येतात.

गरजू ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्या साधनांच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कवळीचाही समावेश करण्यात आला. आपल्या भागात शिबिर लागते का, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

पैशाची जुळणी

इम्प्लांटचे काम दोन टप्प्यांत होते, म्हणून पैसेही दोन टप्प्यांत द्यायचे ठरवता येते: स्क्रू बसवताना एक भाग, कॅप किंवा कवळी बसवताना दुसरा. पावसाळ्याअखेर पहिला टप्पा केला, तर हाड धरेपर्यंत गळीत हंगाम सुरू होऊन उसाचे बिल हाती येण्याची वेळ होते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. संकोच करू नये.

खर्रा, मधुमेह आणि औषधे

आपल्या विदर्भात खर्ऱ्याशिवाय बैठक होत नाही. पण तंबाखू आणि इम्प्लांट यांचे जमत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. खर्ऱ्यातील सुपारीने गाल कडक होतात, तोंड उघडेनासे होते. मग आत हत्यार जाणार कसे? खर्रा सोडायचा नसेल तर दहा टन उसाचे पैसे त्या जागेत गाडू नयेत. तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दाताचे नंतर, आधी ती दाखवावी.

मधुमेह असला तरी इम्प्लांट होतो, मात्र साखर आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी आधी करून घ्यावी. हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध किंवा इंजेक्शन चालू असेल, रक्त पातळ करण्याची गोळी असेल, मानेला-जबड्याला पूर्वी किरणांचा उपचार झाला असेल, तर न विचारता सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

लिहून घ्यायच्या गोष्टी

१. डॉक्टरांची दंत परिषदेकडील नोंदणी. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ती आवश्यक आहे. बाजारात बसून दात लावणाऱ्याकडे जाऊ नये.
२. एकूण खर्च: तपासणी, एक्स-रे, स्क्रू, जोड, कॅप, हाड भरावे लागल्यास त्याचे. "एका दाताचे इतके" म्हणजे स्क्रूचेच की कॅपसह, हे स्पष्ट करून घ्यावे.
३. कमीत कमी किती इम्प्लांटवर भागेल, आणि जास्त सांगितले असल्यास का.
४. स्क्रू धरला नाही तर काय, पैसे कोणी सोसायचे.
५. इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, माप आणि बॅच नंबर असलेले कार्ड. ट्रॅक्टरचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसत नाही, तसेच येथे. दहा वर्षांनी जोड ढिला झाला तर हे कार्डच उपयोगी पडेल.

राखण

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी पिकते आणि हाड झिजते. दोन वेळा ब्रश, फटीतली सफाई आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तपासणी, ही खोडव्याची राखण समजावी. उरलेले स्वतःचे दात तर त्याहून मोलाचे. आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत, तरी खरे ते सांगितले पाहिजे: गोड दातांना चिकटून राहिले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात आणि दात पोखरतो. गोड जेवणाबरोबर खावे आणि चूळ भरावी. दिवसभर थोडे थोडे तोंडात घोळवत राहणे वाईट.

धरमपेठेचा आकडा ऐकून परत फिरलेल्या सभासदांना एवढेच सांगणे आहे की, तो आकडा बहुधा सर्व नांग्या भरण्याचा असतो. आपल्याला किती भरायच्या आहेत, हे आधी मेडिकलमध्ये तपासून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या आईलाही बरोबर न्या. तिची कवळी डबीत आहे की तोंडात, हे पुष्कळ घरांत कोणी विचारलेलेच नसते.