मैदानावरची अमानत

जुन्नरमधील एका शाळेत पालकसभा चालू होती. निकाल, फी, गणवेश हे विषय संपले आणि शेवटी मुख्याध्यापकांनी एक विचारणा केली. मैदानात बास्केटबॉलचे दोन खांब उभे आहेत, चार बॉल आहेत, खेळायला उत्सुक मुलेही आहेत. शिकवणारे मात्र कोणी नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी कोणी पालक वेळ देतील का? सगळे गप्प झाले. जो तो खाली पाहू लागला. अखेर आम्ही चौघांनी हात वर केले, तीन वडील आणि एक आई. आमच्यापैकी एकाने कॉलेजात असताना दोन वर्षे हा खेळ खेळला होता. बाकीच्यांना बॉल आपटत पुढे न्यायचा आणि रिंगमध्ये टाकायचा, एवढेच माहीत होते.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कबड्डीचे आणि कुस्तीचे. आता गल्लोगल्ली क्रिकेट आले आहे. बास्केटबॉल इथे शाळेच्या मैदानापलीकडे फारसा दिसत नाही. असा खेळ, असे नवखे प्रशिक्षक आणि हाती दिलेली लहान मुले. यातून आम्ही जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

पहिल्या संध्याकाळी बावीस मुले आली, दहा ते बारा वर्षांची. आम्ही रात्री जागून फोनवर व्हिडिओ पाहिले होते, नियम वहीत उतरवले होते. मुलांना रांगेत उभे करून अर्धा तास ते सगळे ऐकवले. मुले जांभया देऊ लागली. दोघे तर हळूच मागे सरकून मुंग्यांचे वारूळ पाहायला गेले. मग बॉल हाती दिला, तेव्हा दुसरी अडचण कळली. सारी ताकद लावून फेकलेला बॉल रिंगच्या खालूनच परत येत होता. काही मुले तर पाठ वाकवून, दोन्ही हातांनी गुडघ्यापासून बॉल भिरकावत होती.

चूक मुलांची नव्हती. ती रिंग मोठ्यांची होती, जमिनीपासून ३.०५ मीटर म्हणजे दहा फुटांवर. बॉलही ७ नंबरचा, सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉल असते. त्यात रिंग २.६० मीटरवर आणि बॉल ५ नंबरचा, पाचशे ग्रॅमच्या आतला असतो. हे समजल्यावर आम्ही वर्गणी काढून लहान बॉल आणले. मोहल्ल्यातील एका वेल्डिंगवाल्या भाईंनी दोन लोखंडी रिंगा तयार करून मैदानाच्या भिंतीवर बरोबर मापाने ठोकून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "माझी पोरगीपण येते तिथे. तिला नीट शिकवा, पैसे पोचले."

त्यानंतर पंधरा दिवसांत चित्र बदलले. ज्या मुलांना आम्ही कच्ची समजत होतो, त्यांचे बॉल रिंगमधून पडू लागले. आमचे बोलणेही आम्ही कमी केले. एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची, दोन मिनिटांत सांगायची आणि लगेच मुलांना करू द्यायची. कधी फक्त ड्रिबल, कधी छातीपासून द्यायचा पास, कधी एक पाय जागीच ठेवून वळणे. रांगेत दहा मिनिटे उभे राहणारे मूल खोड्या काढणारच. दोघांत एक बॉल मिळाला तर त्याला खोड्यांना वेळच राहत नाही.

सरावाची वेळ ठरली असर आणि मगरिबच्या मधली. पण आमच्या भागात वेळेचा आणखी एक हिशेब करावा लागतो, तो बिबट्याचा. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, एवढी ही गोष्ट आमच्या रोजच्या जगण्यातली झाली आहे. म्हणून नियम केला की उजेड असतानाच सराव संपेल. मळ्यांतून, वस्त्यांवरून येणारी मुले एकटी परतणार नाहीत. ज्यांना घ्यायला कोणी येणार नाही, त्यांना आमच्यापैकी एकजण घरापर्यंत सोडेल. कोण आले, कोण कोणाबरोबर गेले, हे वहीत लिहिले जाते. खेळ शिकवण्याआधी मूल सुखरूप घरी पोचवणे हे आमचे पहिले काम आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा होता. सहावीतील एक मुलगी सर्वांत चपळ. एके दिवशी ती यायची थांबली. घरी विचारले तेव्हा तिची दादी म्हणाली, "मुलगी आता मोठी होतेय. ओढणी सांभाळील की बॉल?" आमच्यातील आईने दादीशी शांतपणे बोलणे केले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. एकदा हजरत आयेशा जिंकल्या, नंतर एकदा प्रेषित (स.) जिंकले. ही हकिकत दादीलाही ठाऊक होती, पण नातीच्या संदर्भात ती आठवली नव्हती.

राहिला प्रश्न ओढणीचा. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाला हिजाब घालून खेळू दिले नाही, तेव्हा त्यांनी सामना सोडला. अनेक खेळाडूंनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१७ साली आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियम बदलला. आता डोके झाकून खेळता येते. फक्त ते कापड घट्ट बसणारे असावे, चेहरा झाकणारे नसावे आणि त्याला कोणाला टोचेल किंवा अडकेल असे काही नसावे. आम्ही मुलींना सांगितले, पिना नकोत, लोंबणारी टोके नकोत. एका शिंपीणबाईंनी ताणले जाणाऱ्या होजियरी कापडाचे स्कार्फ शिवून दिले. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट. मुलींच्या सरावाला एक तरी महिला हजर असेल, हे ठरले. ती मुलगी परत आली. दादी पहिले दोन दिवस कठड्यावर बसून पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने खजूर वाटले.

आता आमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल. मंचरला एका शाळेच्या संघाशी मैत्रीचा सामना ठरला. मैत्रीचाच, ना ढाल ना प्रमाणपत्र. पण खेळ सुरू झाला आणि आमच्या डोक्यात जिंकण्याचे वारे शिरले. एका वेळी मैदानात पाचजण असतात आणि खेळाडू हवे तितक्यांदा बदलता येतात. आम्ही मात्र चांगले सहा-सात खेळाडूच आलटूनपालटून खेळवले. दोन गुणांनी जिंकलो. परतताना टेम्पोत गाणी, आरडाओरड, नारायणगावला थांबून सर्वांना वडापाव.

पुढच्या सरावाला संघातील सर्वांत लहान मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. तो दाराआड उभा राहिला, बाहेर आला नाही. दादीने पाणी दिले आणि हळू आवाजात सांगितले, "त्याचे अब्बा भाजीची गाडी बंद ठेवून मंचरला आले होते, बेटा. पोराला खेळताना बघायचं म्हणून."

आम्हांला वर पाहवेना. तो मुलगा बुटांच्या नाड्या बांधून सबंध सामना बाकावर बसला होता आणि त्याचे वडील कुंपणाशी उभे होते. आमच्या चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. त्या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही, हे असे का केलेस, ते तसे का केले नाहीस, असेही कधी विचारले नाही, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. ही हदीस आपण जलशात ऐकतो आणि मान डोलावतो. तिची खरी परीक्षा मैदानात होते, जेव्हा दहा वर्षांच्या मुलाच्या हातून बॉल निसटतो आणि आपल्या तोंडून ओरड निघू पाहते. आम्ही त्या मुलावर ओरडलो नव्हतो. पण तू कामाचा नाहीस, हे त्याला एक शब्दही न बोलता सांगितले होते. आई-वडील मूल आपल्या हवाली करतात ती अमानत असते. ती गुणफलकासाठी खर्च करायची नसते.

त्या दारात उभे राहून आम्ही त्या मुलाची माफी मागितली. "चूक तुझी नव्हती, आमची होती," असे त्याच्या दादीसमोर सांगितले. तो काही बोलला नाही. घरी परतल्यावर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, प्रत्येक सामन्यात प्रत्येक मूल खेळेल. कोण किती मिनिटे खेळले, याची नोंद आमच्यातील एकजण ठेवील.

हा खेळ ज्यांनी शोधला त्या जेम्स नायस्मिथ यांची गोष्ट अशा वेळी धीर देते. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ते व्यायामशिक्षक होते. डिसेंबर १८९१ मध्ये थंडीमुळे आत कोंडलेल्या दांडगट विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे कॅन्सस विद्यापीठात ते प्रशिक्षक झाले. तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळाचे जनकच हरण्यात पुढे, तर आम्ही कोण?

आणखी जवळचे उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचे आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तिथे वस्तीतील लोकांसाठी 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उभे केले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली याच वास्तूत सुरू झाली. तिथल्या मैदानाने त्या दाट मुस्लिम वस्तीला बास्केटबॉलचे वेड लावले. चाळींतून आलेली मुले मोठी होऊन देशाच्या संघात गेली. त्यांतील गुलाम अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते स्वतः मुलांना शिकवू लागले. नागपाड्यात ना मोठे मैदान होते ना पैसा. मोठी मुले लहानांना शिकवत गेली आणि तो खेळ पिढ्यान् पिढ्या टिकला.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. आमची मुले तिथवर जातील तर आनंदच आहे. पण आपल्या गावात कोणी अशी जबाबदारी घेणार असेल, तर त्यांना आमचे सांगणे साधे आहे. खेळ येत नाही म्हणून मागे हटू नका, तो मुलांबरोबर शिकता येतो. एकट्याने घेऊ नका, दोघे-तिघे मिळून घ्या. मुलांना पाणी पाजत राहा. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांना पळवू नका, बसून नियमांच्या गप्पा करा. आणि महिन्याच्या शेवटी किती सामने जिंकलो ते मोजण्याआधी, पहिल्या दिवशी आलेल्या मुलांपैकी आज किती येतात ते मोजा.

आमची बावीस होती, आज एकोणीस आहेत. उरलेल्या तिघांच्या घरी अजून जायचे आहे.

तो छोटा पुढच्या आठवड्यात आला. लांब उभा राहिला, मग जवळ येऊन म्हणाला, "सर, रविवारी मी खेळणार ना?" घोडेगावच्या त्या सामन्यात तो दहा मिनिटे खेळला. दोनदा त्याच्या हातून बॉल गेला, एकदा त्याने दिलेल्या पासवर बास्केट झाली. आम्ही नऊ गुणांनी हरलो. कुंपणाशी त्याचे अब्बा उभे होते.