हारलेला डाव सोडायचा कधी?

२८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि समोर कोनेरू हंपी. दोन मोठे डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसरा जलद डाव दिव्यानं काळ्या सोंगट्यांनी जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. पण जिंकल्यावर ती काय म्हणाली, ऐकलं का तुम्ही? एंडगेम शिकायला पाहिजेत, कुठंतरी आपणच घोळ घातला, असा तिचा सूर होता.

आता हा 'घोळ' मोजायचा कसा? डावाच्या सुरुवातीला ते अवघड असतं. शेवटी मात्र उत्तर पक्कं मिळतं. राजांसकट सात सोंगट्या पटावर उरल्या, की तिथून निकाल काय लागेल हे संगणकानं आधीच काढून ठेवलंय. सात सोंगट्यांचं हे काम मॉस्को विद्यापीठात २०१२ साली झालं. पद्धत उलटी आहे बघा. आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या गोळा करायच्या, मग एकेक चाल मागं मागं यायचं. हाती येतो तो अंदाज नसतो. प्रत्येक मांडणीला तीनपैकी एकच शिक्का: जीत, हार किंवा बरोबरी.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: शिक्का बदलला तरच ती घोडचूक. जिंकत असताना तुम्ही वीस चाली जास्त घेतल्या, पण जीत हातची गेली नाही, तर नुसता वेळ गेला.

दुसरी जास्त महत्त्वाची. मांडणीवर 'हार' लिहिलेलं असेल, तर तुमची कुठलीच चाल ते पुसू शकत नाही. पुसू शकतो फक्त समोरचा, स्वतः चुकून. मग चिकाटी म्हणजे काय? नुसतं बसून राहणं नाही. हारणाऱ्या चालींमधून अशी चाल निवडायची, की समोरच्याला बरोबर उत्तर एकच उरेल आणि तेही सहज दिसणार नाही. जलद डावात घड्याळ संपत आलेलं असतं, चालीमागे दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात ते उत्तर दर वेळी सापडेलच असं नाही.

बरोबरी टिकवायलाही चिकाटी लागते, पण तिथं नेमकी रीत माहीत पाहिजे. फिलिडोरनं १७७७ मध्ये दाखवलेला बचाव घ्या. दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आणि काळा राजा त्या प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या रांगेत. काळ्यानं हत्ती सहाव्या रांगेत उभा ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा पुढं घुसत नाही. प्यादं सहाव्या रांगेत आलं रे आलं, की हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पांढऱ्या राजाला आडोसा मिळायची जागा आता त्याच्याच प्याद्यानं अडवलेली असते.

आपल्या भातकुलीकडं चार सोंगट्या उरल्या की पोरं म्हणतात, "आता काय राह्यलं, दुसरा मांड." मांडू नका. आधी बघा, समोरच्याला अजून किती चाली अचूक खेळाव्या लागणार आहेत. एका चालीत मात दिसत असेल तर हात मिळवा. पंधरा लागणार असतील तर खेळा बाप्पा, डाव अजून संपला नाही.