इमारत 'ग्रीन', मग आतली माणसं स्वेटरमध्ये का?

या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून इथे ते नीट लिहून काढलेत.

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. रिसेप्शनजवळ 'ग्रीन बिल्डिंग'ची चकचकीत पाटी आणि आत भर मे महिन्यात हुडी घालून कोड लिहिणारी माणसं. मग प्रश्न पडतो की इमारतीला आरामाचे गुण मिळाले असतील, तर ते कुणाच्या आरामाचे?

गुण कशाकशाला?

आपल्याकडे तीन नावं जास्त कानावर येतात: अमेरिकेतून आलेलं लीड, सीआयआयने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयजीबीसीची मानांकनं, आणि टेरी व केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं ग्रिहा. तिन्हींत वीज, पाणी, बांधकाम साहित्य यांच्या जोडीला आतल्या वातावरणाचाही विचार होतो. त्यात हवा, उजेड, आवाज आणि तापमान हे विषय येतात. सगळ्यात जास्त भांडणं तापमानावरून होतात, म्हणून आधी तेच बघू.

सहा इनपुट, एक आउटपुट

पोल ओले फँगर नावाच्या डॅनिश संशोधकाने १९७० च्या सुमारास एक गणित मांडलं. त्याला एक फंक्शन समजा. इनपुट सहा: हवेचं तापमान, भिंती-काचांमधून येणारी उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आउटपुट एकच: उणे ३ म्हणजे कडक थंडी, अधिक ३ म्हणजे असह्य उकाडा, आणि शून्य म्हणजे 'ठीक आहे'.

गंमत अशी की उत्तर बरोबर शून्य आलं तरी ५ टक्के लोक नाराज राहणार, हे या गणितातच गृहीत आहे. अर्ध्या अंकाने इकडे-तिकडे झालं की नाराज १० टक्के. अ‍ॅश्रे ५५ हे अमेरिकन मानक साधारण याच पट्ट्यात राहायला सांगतं आणि लीड त्याचाच आधार घेतं.

आता यातले चार इनपुट यंत्राने मोजता येतात. कपडे आणि हालचाल मात्र बहुतेक वेळा तक्त्यातून उचलतात. २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं की शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा प्रचलित आकडा ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर बेतलेला आहे. बायकांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जाऊ शकतो. म्हणजे शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण 'थंडी वाजतेय' म्हणते तेव्हा तो नाजूकपणा नसतो. इनपुटच चुकलेला असतो.

आपल्या हवेचं गणित

फँगरचे प्रयोग बंद खोलीतले. आपण मात्र खिडकी उघडतो, पंखा लावतो, सुती कपडे घालतो. म्हणून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या गटाने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या ऑफिसांत जाऊन सहा हजारांहून जास्त उत्तरं गोळा केली. त्यातून भारतीय मॉडेल तयार झालं, आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागा मिळाली.

सूत्र सोपं आहे. गेल्या काही दिवसांचं बाहेरचं सरासरी तापमान घ्या, त्याला ०.५४ ने गुणा, १२.८३ मिळवा. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर येतं साधारण २९ अंश. खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत लोकांना २९ चालतं! गरजेपुरता एसी लावणाऱ्या इमारतींसाठी वेगळं सूत्र आहे, त्याचं उत्तर २६ च्या आसपास येतं. मग २२ वर एसी कुणासाठी चालू असतो?

उजेड, हवा, आवाज

उजेडासाठी लीडच्या चौथ्या आवृत्तीत सिम्युलेशनची वाट आहे. वर्षातल्या निम्म्या कामाच्या वेळेत ३०० लक्स नैसर्गिक उजेड किती जागेत पोचतो हे बघतात, आणि थेट ऊन फार वेळ येणारी जागा मर्यादेत ठेवायला सांगतात. प्रत्यक्षात स्क्रीनवर चकाकी आली की कुणीतरी पडदा ओढतं, आणि तो परत वर करणं कुणाचंच काम नसतं. हवेसाठी ताज्या हवेचं प्रमाण, कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर आणि कमी वास सोडणारे रंग बघितले जातात. आवाजाचे गुण थोडे, पण ओपन ऑफिसमधल्या तक्रारींत 'शेजारच्याचा कॉल मला ऐकू येतो' ही फार वर असते.

स्टेजिंग आणि प्रॉडक्शन

खरी गोम इथे आहे. नव्या इमारतीचे यातले बरेचसे गुण नकाशे, सिम्युलेशन आणि कागदपत्रांवर मिळतात, माणसं राहायला येण्याआधी. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टेजिंगवर टेस्ट पास झाल्या, पण प्रॉडक्शनचे लॉग कुणी उघडलेच नाहीत. शिवाय लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या बांधकामाला ११० पैकी ऊर्जाबचतीच्या एका निकषावर १८ पर्यंत गुण मिळू शकतात, आणि तापमानाच्या आरामाला फक्त १. तो सोडूनही 'गोल्ड' सहज मिळतं.

२०१३ मध्ये १४४ इमारतींतल्या २१ हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांचं विश्लेषण झालं. त्यातल्या ६५ इमारती लीडवाल्या होत्या. लोकांच्या समाधानात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

यावर उपाय मानांकनांच्या आतच आहे. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत एक गुण असा होता की लोक राहायला आल्यावर ६ ते १८ महिन्यांत त्यांनाच विचारा, आणि २० टक्क्यांहून जास्त नाराज निघाले तर दुरुस्तीची योजना करा. वापरातल्या इमारतींसाठीच्या ४.१ आवृत्तीत तर लोकांची उत्तरं आणि हवेची प्रत्यक्ष मोजणी थेट गुणांत धरतात.

मग आपण काय करायचं?

ऑफिसच्या फॅसिलिटी टीमला तीन प्रश्न विचारा. पाटी नव्या बांधकामाची आहे की वापरातल्या इमारतीची? माणसांना शेवटचं कधी विचारलं? आणि नाराज किती टक्के निघाले? जमलं तर डेस्कसाठी छोटा पंखाही मागा आणि एसी दोन अंश वर न्यायला सांगा. वाऱ्याचा वेग हा सहापैकी एक इनपुट आहे, आणि तो ज्याच्या-त्याच्या हातात देता येतो. उकडणाऱ्याला वारा मिळेल, गारठणाऱ्याचा स्वेटर उतरेल आणि वीजही वाचेल.

तुमच्या ऑफिसात अशी पाहणी झाली असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!