वणव्यावर पाणी, दरीवर दोर : एमआय-१७ व्ही५

संकटात सापडलेल्या नागरिकाला हवाई दल भेटते ते लढाऊ विमानाच्या रूपात नव्हे, बहुधा एमआय-१७च्या रूपात. १९६१मध्ये प्रथम उडालेल्या सोव्हिएत एमआय-८च्या घराण्यातले हे हेलिकॉप्टर. त्याच्या व्ही५ आवृत्तीसाठी भारताने २००८मध्ये रशियाशी करार केला आणि फेब्रुवारी २०१२मध्ये ती हवाई दलात रीतसर दाखल झाली. कझानला बनलेले हे यंत्र मुळात सैनिक आणि रसद वाहणारे. बचाव किंवा अग्निशमन हे त्याचे एकमेव काम कधीच नव्हते. माझ्या मते हेच त्याचे खरे बळ आहे. हिमालयातल्या उंच ठाण्यांवर विरळ हवेत ओझे पोहोचवण्यासाठी जी ताकद आणि वैमानिकांचा जो सराव लागतो, तोच आपत्तीतही उपयोगी पडतो.

जून २०१३च्या उत्तराखंड प्रलयात रस्ते वाहून गेले, तेव्हा अरुंद दऱ्यांतून यात्रेकरू बाहेर काढण्यात या हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा होता. एप्रिल २०२२मध्ये झारखंडमधल्या त्रिकूट पर्वतावर रोप-वे बंद पडला. तेव्हा याच हेलिकॉप्टरांतून हवाई दलाचे गरुड कमांडो दोरावरून लोंबकळत्या डब्यांपर्यंत उतरले. वणव्याच्या वेळी याच हेलिकॉप्टरखाली पाणी वाहणारी सुमारे ३५०० लिटरची बांबी बकेट टांगतात. नैनिताल परिसरातल्या आगींसाठी ती भीमताल तलावात बुडवून भरली गेली. पाणी ओतण्यातही कसब आहे : फार उंचावरून सोडले तर ते हवेतच विखुरते, फार खाली आले तर पंख्यांचा वारा आगीलाच फुंकर घालतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, अग्निशमनासाठी खास विमाने का नकोत? जरूर असावीत; पण आपल्याकडे वणवा काही महिन्यांचा, पूर वेगळ्या महिन्यांचा. वर्षभर उडणारे, सरावातले पथक दोन्हीकडे धावू शकते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : जोखीम. २५ जून २०१३ रोजी गौरीकुंडजवळ असेच एक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातले २०ही जण मृत्युमुखी पडले. त्रिकूटला एक माणूस हेलिकॉप्टरच्या दारापर्यंत येऊन निसटला आणि खाली पडून मरण पावला. ही किंमत नाकारता येत नाही, आणि म्हणूनच हेलिकॉप्टर हा पहिला उपाय ठरता कामा नये. जाळपट्टे वेळेवर काढणे, वनरक्षकांची रिक्त पदे भरणे, रोप-वेची काटेकोर तपासणी करणे ही जमिनीवरची कामे आहेत. ती झाली तरच वैमानिकांना जिवावर उदार होऊन उडावे लागण्याचे प्रसंग कमी होतील. त्यांच्या शौर्याचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक सरकारने आधी या कामांचा हिशेब द्यावा.