गॅस जातो कुठे? गाडीच्या एसीची गळती

अमळनेरचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. मार्चमध्ये गाडीत गॅस भरला, अन् मेमध्ये धुळ्याला पोहोचेपर्यंत घामाघूम. आपण म्हणतो, "गॅस संपला." इथेच आपली चूक होते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो खरा, पण दोन महिन्यांत गेला म्हणजे गळती आहे.

ती शोधायची कशी? आधी डोळ्यांनी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळतीपाशी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. वनस्पती तुपाचा कारखाना पाहिलेल्या या गावाला तेलाचा डाग ओळखायला शिकवायला नको! रेडिएटरपुढचा कंडेन्सर नीट पाहू. खडे आधी त्यालाच लागतात.

मग पंक्चरवाल्याची युक्ती: इंजिन बंद ठेवून सांध्यांवर साबणाचं पाणी. बुडबुडे आले की जागा सापडली. पण गॅस सगळा गेला असेल तर बुडबुडे येणार कशाने? तेव्हा कोरडा नायट्रोजन भरतात. टायरची हवा मात्र भरायची नाही. तिच्यात ओलावा असतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे लपलेली असते. तिथे गॅसमध्ये चमकणारा रंग सोडून, पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी अतिनील टॉर्चने पाहतात.

सांध्याची ओ-रिंग गेली असेल तर काम स्वस्तात होतं. कंडेन्सर फुटला तर बहुधा बदलावा लागतो. गळती बुजवणारं रसायन नको. ते पुढे मशीनमध्ये अडकू शकतं. दुरुस्तीनंतर अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद. गेजचा काटा जागचा हलला नाही तरच गॅस भरायचा, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच.

हे फक्त आपल्या खिशापुरतं नाही, बरं का. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. म्हणजे अर्धा किलो गळला तर ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं! म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात अशा वायूंचा वापर घटवायचं ठरलं.

तेव्हा गॅरेजमध्ये "गॅस भरा" म्हणण्याआधी आपण एवढंच म्हणू: "भाऊ, गळती कुठे आहे, ती आधी दाखवा."