एचटीएमएल मजकुराचे संदर्भानुसारी विसंकेतन : पीएचपीसाठी फंक्शनची रचना

प्रस्तावना :
एचटीएमएल दस्तऐवजात ‘<’, ‘&’ यांसारखी चिन्हे व कळफलकावर सहज न मिळणारी अक्षरे वर्णनिर्देशांच्या रूपाने लिहिता येतात. निर्देशाच्या आरंभी ‘&’, पुढे नाव किंवा क्रमांक आणि शेवटी अर्धविराम असतो. उदाहरणार्थ, देवनागरी ‘अ’ हे अक्षर २३०९ या दशमान क्रमांकाने दर्शविता येते. अशा निर्देशांपासून मूळ अक्षरे मिळविणे म्हणजे विसंकेतन होय. हे काम केवळ कोष्टक पाहून अक्षरे बदलण्याचे आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः निर्देश दस्तऐवजात कोठे आला आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

संदर्भभेदाचे स्वरूप :
एचटीएमएलच्या प्रचलित प्रमाणकात २,२३१ नामनिर्देश असून त्यांपैकी १०६ अर्धविरामाविना लिहिलेले आहेत. जुनी पाने वाचता यावीत म्हणून ही सवलत राखली आहे. समजा, एखाद्या दुव्याच्या पत्त्यात ‘&’ नंतर ‘कॉपी’ या नावाची चार रोमन अक्षरे आणि लगेच ‘=’ हे चिन्ह आहे. हाच मजकूर परिच्छेदात आल्यास ब्राउझर तेथे ‘©’ दाखवितो. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आल्यास तो जसाच्या तसा ठेवतो. कारण अ‍ॅट्रिब्यूटमध्ये अर्धविरामाविना आलेल्या नावापुढे ‘=’, रोमन अक्षर किंवा अंक असल्यास विसंकेतन होत नाही. स्क्रिप्ट व स्टाइल या घटकांत तर विसंकेतन मुळीच होत नाही. टायटल व टेक्स्टएरिया यांत मात्र होते.

प्रचलित फंक्शनची मर्यादा :
पीएचपीमध्ये एचटीएमएल-एंटिटी-डिकोड हे फंक्शन ४.३.० या आवृत्तीपासून आहे. त्याला अवतरणचिन्हे व दस्तऐवजप्रकार यांविषयी सूचना देता येते. स्थानाविषयी देता येत नाही. अर्धविराम नसलेले निर्देश ते सोडून देते. सूचना न दिल्यास ते एचटीएमएल ४.०१ चे कोष्टक वापरते. त्यात केवळ २५२ नावे असून ‘कोलन’ हे नाव नाही. परिणामी ‘जावास्क्रिप्ट’ या शब्दापुढे कोलनचा नामनिर्देश देऊन लिहिलेला घातक दुवा गाळणीला निरुपद्रवी वाटतो. ब्राउझर मात्र तो आज्ञा म्हणून वाचतो. गाळणी आणि ब्राउझर यांच्या वाचनातील ही तफावतच सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे.

अपेक्षित रचना :
१) फंक्शनने मजकुरासोबत ‘परिच्छेद’ की ‘अ‍ॅट्रिब्यूट’ हा संदर्भ अनिवार्यपणे मागावा. गृहीत मूल्य ठेवल्यास वापरकर्ता त्याचा विचारच करणार नाही.
२) जुळणाऱ्या नावांपैकी सर्वांत लांब नाव घ्यावे.
३) शून्य किंवा युनिकोडच्या मर्यादेबाहेरील क्रमांकासाठी ‘�’ हे बदली चिन्ह द्यावे; १२८ या क्रमांकासाठी प्रमाणकानुसार ‘€’ द्यावे.
४) विसंकेतन एकदाच करावे. दुसऱ्यांदा केल्यास लेखकाने उदाहरण म्हणून दाखविलेला निर्देशही नष्ट होतो.

वर्डप्रेसच्या ६.६ या आवृत्तीत (२०२४) मजकूर व अ‍ॅट्रिब्यूट यांसाठी स्वतंत्र विसंकेतन-पद्धती दिल्या आहेत. हा विचार व्यवहार्य असल्याचे त्यावरून दिसते.

समारोप :
विसंकेतनाचे फंक्शन ब्राउझरप्रमाणेच वाचते की नाही, हीच त्याच्या अचूकतेची कसोटी होय. त्यासाठी संदर्भ अनिवार्य ठरतो. विसंकेतित मजकूर पुन्हा पानावर छापताना त्याचे संकेतन करणे मात्र वापरकर्त्याचेच कर्तव्य राहते.